रिपोर्टच्या दाराशी

बाबांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शनं, चालतील का, हे जनुकांच्या रिपोर्टवरून कळणार होतं. तो घ्यायला मी मुलुंडच्या हॉस्पिटलात एकटाच बसलो होतो. शेजारी भांडुपला मासे विकणारी एक कोळीण होती. तिलाही हाच आजार. पदराचं टोक ती सारखं बोटाला गुंडाळत होती.

"मासा ताजा की शिळा, मी कल्ला उघडून सांगते. माझ्या आतलं मात्र तो कागद सांगणार," ती म्हणाली.

तिला आत बोलावलं. ती डोळे पुसतच बाहेर आली.

"ती इंजेक्शनं मला चालणार नाय. पण गोळी हाय म्हणतात."

तेवढ्यात बाबांचं नाव पुकारलं. मी खुर्चीचा दांडा धरून बसूनच राहिलो. तिने दंड धरून मला उठवलं.

"चल रे, दारापर्यंत येते मी."

बाबांना इंजेक्शनं देता येणार होती. ते ऐकून मी बाहेर आलो, तेव्हा ती अजून दाराशीच उभी होती.