प्रेसकाकांचा गप्प स्विच

शांतता ही माणसाने जन्मभर शोधावी अशी गोष्ट आहे, आणि ती बाहेर कुठे मिळत नाही, स्वतःच्या आतच सापडते, असं सगळ्या थोर लोकांनी सांगून ठेवलं आहे. प्रेसकाकांनी ती कर्जतच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात, काउंटरवर दोन्ही हात टेकून मागितली. दहा नग.

प्रेसकाका लोधिवलीत आमचे शेजारी होते. शेजारी म्हणजे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही राहत होतो. त्यांच्या मोटरसायकलवर पुढे ठळक अक्षरांत 'प्रेस' असं लिहिलेलं होतं आणि चौकच्या नाक्यावर पोलीस त्यांना न अडवता सोडत. पत्रकारितेशी त्यांचा संबंध वडापावच्या कागदापुरता होता. खालापूरकडच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी पॉवर प्रेसवर काढली होती. पत्र्यावर दणका घालून त्याचे आकार कापणारं ते धिप्पाड यंत्र. "खोटं काय लिवलंय? प्रेसवरच व्हतो ना मी?" असं ते विचारायचे, आणि यावर कायद्यातही काही उत्तर नसावं.

त्यांना कोणी "कसं काय काका?" विचारलं की ते दोन्ही पंजे वर करून दाखवायचे. "दहा हायत." प्रेसवर जन्म काढून दहाच्या दहा बोटं घेऊन घरी येणं हीच त्यांच्या लेखी तब्येत, साखर आणि रक्तदाब या किरकोळ बाबी. या बोटांचं श्रेय ते देवाला देत नसत. मशीनच्या तोंडाशी दोन खांब होते आणि त्या खांबांमध्ये उजेडाचा पडदा होता. हात आत गेला की उजेड अडायचा आणि मशीन जागच्या जागी थांबायचं. "एकदा डुलकी लागली रं. हात आत. डोळं उघडलं तर मशीन वर थांबलेलं, आणि माजी बोटं खाली. एकमेकांकडं बघतायत."

बोटं वाचली, पण कान कारखान्यातच राहिले. काकांना फार कमी ऐकू यायचं, आणि आपण फार हळू बोलतो असा त्यांचा समज होता. गुपित सांगताना ते अगदी जवळ यायचे, तोंडावर हात धरायचे, बोलायचे, आणि पलीकडच्या आळीतून कोणीतरी उत्तर द्यायचं, "नाय सांगणार कोनाला!"

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात किंवा सोसायटीत राजकारण. काकांनी गेमचा डबा बनवला. पूर्वी खोपोलीत व्हिडिओ गेमची दुकानं होती. पहिली पाळी सुटली की काका लहानग्या लेकीला, दीपाला, घेऊन तिथे जात. ती स्टुलावर उभी राहून विमानं पाडायची आणि काका मागे उभे राहून तिला चुकीचे सल्ले द्यायचे. ती दुकानं गेली. दीपा लग्न होऊन पोशीरला गेली. मग काकांनी प्लायवूड आणलं, आवाज गेलेला जुना टीव्ही त्यात बसवला, एक छोटा कॉम्प्युटर जोडला, पुढे फळीवर दांडा आणि सहा बटणं. वर ट्यूबलाइट. घरातल्या देव्हाऱ्यापेक्षा तो डबा उंच झाला होता, यावरून थोडं बोलणं झालं, पण निभावलं.

खरी अडचण आवाजाची होती. प्रत्येक बटणाखाली एक स्विच असतो आणि तो दाबला की खट् वाजतो. काकांचा हात प्रेसवरचा. ते बटण दाबत नसत, पत्रा कापत. खट्, खटखट्, खट्. माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. काकांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तो एक अत्यंत शांत खेळ होता.

अशात दीपाला सातवा लागला आणि ती बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं. काकूंनी एका सकाळी कुकरचं झाकण लावता लावता निकाल दिला. "पोरगी येतेय. घरात तान्हं बाळ आसंल. तो डबा गप्प व्हतोय का भायेर जातोय, ते तुमीच ठरवा."

"गप्पच हाय की तो!" काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी कर्जतच्या एका वाचनालयात नोकरीला होतो आणि 'शांतता राखा' या पाटीखाली बसायचो, त्यामुळे त्या घरात शांततेच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानला जाई. मी मान हलवली. काका दुखावले, पण कामाला लागले. बाहेर जाणं म्हणजे पावसाळ्यात पडवीत प्लायवूड फुगणं, हे त्यांना कळत होतं. आणि पोरगी इतक्या वर्षांनी घरी राहायला येणार, तेव्हा तिला दाखवायला आपल्याकडे डबाच नसणं हे त्याहून जास्त कळत होतं.

पहिला स्विच त्यांनी स्वतःच निवडून आणला. दुकानात कानाशी धरून दाबून पाहिला, आवाज नाही; दुसरा पाहिला, त्यालाही नाही. काकांना सगळा बाजार मुका आढळला. घरी बसवल्यावर तो आधीच्यापेक्षा मोठ्याने वाजला. तेव्हापासून मला बरोबर नेणं सुरू झालं. "तू कान, मी बोट," असं कामाचं वाटप होतं. दुकानात काका स्विच माझ्या कानाला लावून दाबायचे आणि गिऱ्हाइकं डॉक्टर आल्यासारखी बाजूला व्हायची. मग 'सायलेंट' असं लिहिलेले स्विच पार्सलने मागवले. त्यांची परीक्षा काकूंनी स्वयंपाकघरातूनच घेतली. "आदी खट् व्हतं, आता टक् झालं. पोर टकलापन उठंल."

त्या संध्याकाळी काका पायरीवर बसून होते. एकदम म्हणाले, "आवाज येतो कशाचा? पत्र्यावर पत्रा आपटतो त्याचा. मंग आपटायचंच नाय. उजेडाला आवाज असतो का रं?"

"वीज चमकली की कडकडाट होतो," मी म्हणालो. वाचनाचा हा एक तोटा आहे.

"ती वीज. मी उजेडाचं बोलतोय." त्यांनी दोन बोटांच्या फटीतून तिसरं बोट खाली घातलं. बटण दाबलं की एक पट्टी खाली यावी, उजेड अडावा, आणि विमानाने गोळी मारावी. कशाला काही लागत नाही, म्हणून काही वाजत नाही. प्रेसचा पडदाच, फक्त नखाएवढा.

म्हणून आम्ही पुन्हा कर्जतला त्या दुकानात गेलो.

"लाइटचा स्विच द्या," काका म्हणाले. "दहा." दांड्याच्या चार दिशांना चार, बटणांना सहा.

दुकानदाराने घरात असतो तो पांढरा स्विच पुढे ठेवला.

"ह्यो नाय. लाइटचा."

"लाइटचाच आहे काका. ह्याने लाइट लागते."

"ह्यानं लाइट लागते. मला लाइटनं लागनारा पायजे. लाइट आडवली की चालू."

दुकानदार विचारात पडला. "आमच्याकडे लाइट गेली की सगळं बंदच होतं. चालू होणारं अजून काय बघितलं नाय."

मी 'ऑप्टिकल' हा शब्द वापरून पाहिला. त्याने समोरच्या चष्म्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

शेवटी तो स्विच कशेळ्याला सापडला, आणि तोही झेरॉक्सच्या दुकानात. काका दर बाजाराला तिकडे सुकी मासळी आणायला जात. मासळी पिशवीत घालून ते झेरॉक्सवाल्याकडे सहज डोकावले, तर तो प्रिंटरला शिव्या घालत होता. "कागद समोर हाय, तरी म्हणतो कागद नाय. डोळा गेलाय मेल्याचा!"

"डोळा?" हा एक शब्द मात्र काकांना पहिल्या फटक्यात ऐकू आला.

डोळा म्हणजे चिमट्याच्या आकाराचा एक काळा तुकडा. त्याच्या एका पायातून दुसऱ्या पायात उजेड जातो. मधे कागदाची पट्टी आली की प्रिंटरला कळतं. वाड्यापाड्यांवरच्या लोकांचे दाखले काढून काढून त्या दुकानात बरेच प्रिंटर कामी आले होते आणि मागच्या खोलीत रचून ठेवलेले होते. काकांनी जमिनीवरच मांडी ठोकली. मला रविवारी मुद्दाम नेण्यात आलं, कारण आता कान नको होते, पण स्क्रू धरायला कोणीतरी हवं होतं.

"बघा हां," झेरॉक्सवाला म्हणाला, "हे डोळे खोटं बोलतात. असलेलं दिसत नाय त्यांना."

"आमचा सुपरवायझर असाच व्हता," काका म्हणाले. "तरी चालली ना कंपनी."

संध्याकाळपर्यंत नऊ चांगले डोळे निघाले. दहावा कुठल्याच प्रिंटरमध्ये नव्हता. नऊ डोळ्यांचा डबा म्हणजे विमान डावीकडे, वर, खाली जाणार आणि उजवीकडे जाणार नाही. काका आपल्या पंज्यांकडे बघत म्हणाले, "नऊवर घरी जानारा मानूस नाय मी."

आमच्या वाचनालयात एक बंद पडलेला प्रिंटर होता. त्यातला डोळा मागण्यासाठी मी अध्यक्षांकडे गेलो. आमचे अध्यक्ष 'हो' हा शब्द भाषणाशिवाय उच्चारू शकत नसत. त्यांनी कार्यकारिणीच्या सभेत उभं राहून, वाचनालयाने आजवर असंख्यांना दृष्टी दिली, आज ते प्रत्यक्ष नेत्रदान करत आहे, असं सांगितलं. दोन सदस्यांचे डोळे पाणावले. डोळा नेमका कोणाचा, हे कोणी विचारलं नाही.

दीपा यायच्या आदल्या दिवशी परीक्षा झाली. काकांनी बटणांखाली जुन्या स्लीपरचं रबर चिकटवलं होतं, म्हणजे प्लॅस्टिकचा ठोकाही नको. पंखा बंद केला गेला. काकू स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभ्या राहिल्या. काका डब्यासमोर बसले, मी भिंतीला टेकून. बराच वेळ गेला. मग काकू आतून म्हणाल्या, "अवो, करा की सुरू! किती वेळ उभी राहू?"

काकांची तेव्हा दोन विमानं पडून झाली होती.

त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन्ही पंजे वर करून दाखवले. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना म्हणाले, "झाला गप्प." हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावात सगळ्यांना माहीत होतं.

दीपा आली, डबा बघून हसली, आणि पोटाला उशी टेकवून जी बसली ती बापाचा सगळा स्कोअर मोडूनच उठली. "बाबा, उजवीकडं जड जातंय."

"तो वाचनालयाचा डोळा हाय. जरा विचार करून बघतो."

यथावकाश मुलगी झाली. पाळणा डब्याशेजारीच टांगला. बटणं गप्प होती. बाळ झोपलेलं असताना काका खेळायचे, विमान पडायचं, आणि काका ओरडायचे, "आयला, ग्येलं!" मग बाळ रडायचं, काकू बाहेर यायच्या. "आता ह्यांना कुटला डोळा बसवायचा गं दीपा?"

दीपाने वेगळा उपाय केला. तिने काकांना कानाचं मशीन घ्यायला लावलं. इतकी वर्षं ते नको म्हणत होते, "ऐकन्यासारखं काय बोलतं कोन?" असं विचारत होते, पण नात रडते की हसते हे दुसऱ्याला विचारावं लागतं, हे त्यांनाही बोचत असावं. मशीन लावलं त्या दुपारी बाळ पाळण्यात उचक्या देत होतं. काका दांड्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले. स्क्रीनवर एकामागून एक विमानं पडली, पण ते ओरडले नाहीत. "उचकी लागलीय तिला," ते मला म्हणाले. खरोखर हळू म्हणाले. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

तीन महिन्यांनी दीपा बाळाला घेऊन पोशीरला परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून खट् ऐकू आलं. खटखट्. खट्. मी धावत गेलो. काका जुने स्विच पुन्हा बसवून खेळत होते.

"डोळे गेले की काय?"

"बरनीत ठेवलेत जपून. बाळ आलं की परत लावनार." त्यांनी एक बटण दाबलं, मान तिरकी करून ऐकलं, परत दाबलं. "घर लय गप्प झालंय रं. आणि मला कोन बोललं नाय कधी, ह्याचा आवाज इतका झ्याक हाय म्हनून!"

मी त्यांच्याशी सहा महिने याच एका विषयावर बोलत होतो, पण ते त्यांना तेव्हा ऐकू आलं नव्हतं.

पुढे मी लोधिवली सोडून कर्जतला राहायला गेलो. कॅलेंडर आता भिंतीवर स्थिर असतं आणि मला अधूनमधून उगाच त्याच्याकडे बघायची सवय लागली आहे. निघताना काकांनी पंजे दाखवले, मीही दाखवले. मग महिनाभराने ते वाचनालयात हजर झाले, काखेत एक खोकं. दहाव्या डोळ्याची परतफेड करायची होती. खोक्यात काउंटरवर ठेवायची, वाचकांनी मला बोलवायची घंटा होती, तिच्या बटणाखाली आमचाच डोळा. मग दांड्याच्या उजव्या बाजूला काय, असं मी विचारलं. "कशेळ्याला आनखी एक प्रिंटर मेला," ते आनंदाने म्हणाले. अध्यक्षांनी नारळ फोडला, अंधारातून उजेडाकडे जाण्याबद्दल बोलले, आणि ती घंटा 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली बसवली गेली.

ती अजून तिथे आहे. बटण दाबताना तिळभरही आवाज होत नाही. घंटेचा आवाज मात्र कारखान्याची पाळी सुटायच्या भोंग्याचा आहे.