धक्काकाकूंचा झोका

अंबरनाथ पश्चिमेला आम्ही राहायचो त्या दुमजली इमारतीत झोपाळा एकच होता, तळमजल्यावर धक्काकाकूंच्या ओट्यावर, आणि त्यावर त्या स्वतः सोडून अख्खी इमारत बसून गेली होती. पोस्टमन बसायचा. भाजीवाली टोपली खाली ठेवून चार झोके घ्यायची आणि मग भाव सांगायची. पोरांचं तर विचारूच नका, शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच. काकू मात्र कायम उभ्या. पदर कमरेला खोचलेला, एक हात साखळीवर आणि दुसरा बसणाऱ्याच्या पाठीला. त्यांचं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. पोरांनी त्यांना धक्काकाकू केलं आणि पुढे पिठाच्या गिरणीवालासुद्धा तेच म्हणू लागला.

एखादं भित्रं पोर झोपाळ्यावर बसलं की पाय फरशीला घासत राहतं. काकू त्याच्या मागे जाऊन म्हणायच्या, "पाय उचल. बाकी मी बघते." एवढंच. ओरडणं नाही, लाडीगोडी नाही. पोर पाय उचलायचं आणि पाचव्या मिनिटाला 'अजून जोरात' म्हणून किंचाळायला लागायचं.

हेच वाक्य त्यांनी मला ऐकवलं तेव्हा मी लग्न होऊन शेजारी राहायला आले होते आणि उंबऱ्याबाहेर पडायला घाबरत होते. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या एका शाळेत बाई हव्या होत्या. मी डी.एड. झालेली, पण सासूबाईंना विचारणार कोण? काकूंनी माझा अर्ज स्वतः पाकिटात घातला आणि वर मला दम दिला की पाय उचल, बाकी मी बघते. आणि बघितलंही हो. वाटीभर चकलीची भाजणी घेऊन माझ्या सासूबाईंकडे गेल्या, तासभर बसल्या, काय बोलल्या देव जाणे. सोमवारी मी शाळेत हजर. माझ्या दुपारच्या कुकरच्या शिट्ट्या पुढे कितीतरी वर्षं काकूंनीच मोजल्या.

काका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. बोलणं कमी, आणि जे असेल तेही हळू. तो झोपाळा त्यांनीच उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेला. सिंधी दुकानदाराशी 'साईं, साईं' करत दोन रविवार घासाघीस केली म्हणे. पितळी कड्या, शिसवी फळी, सगळं हौसेनं. सकाळी कामावर जाताना ते झोपाळ्याला एक हलकासा हात लावून जायचे. आपण गेल्यावर आपली बायको दुपारभर यावर बसत असेल, अशी त्यांची पक्की समजूत होती. पुरुषमाणूस घरात काय बघतो, डोंबल!

मी मात्र बघत होते. एका नागपंचमीला मी हट्टालाच पेटले. काकूंचा हात धरला आणि म्हटलं आज बसल्याशिवाय सोडणार नाही. त्यांनी हात असा काही झटकला की माझी बांगडी वाढली. मग त्याच कावऱ्याबावऱ्या झाल्या, मला आत घेऊन गेल्या, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं.

काकू कऱ्हाडकडच्या. तिकडे नागपंचमीला झाडांना झोके बांधतात, माहेरवाशिणी येतात, गाणी म्हणत झोके घेतात. काकू उभ्यानं झोका घेणाऱ्यांतल्या. लग्नानंतर काही वर्षं गेली, मूल होईना. तेव्हा एका पंचमीला त्यांनी गावदेवीला शब्द दिला की घरात पाळणा हलेपर्यंत झोक्यावर बसणार नाही. कुणी वांगं सोडतं, कुणी गोड सोडतं. काकूंनी त्यांना सगळ्यात जास्त जे आवडायचं ते सोडलं. पाळणा काही हलला नाही. आता वयही गेलं होतं. "पण शब्द कसा मोडू गं?" त्या म्हणाल्या. "मोडला म्हणजे आता होणार नाही हे मीच कबूल केल्यासारखं." काकांना यातलं काही सांगू नकोस, अशी शपथ घातली. त्यांनी कौतुकानं आणलेला झोपाळा, त्यांच्या जिवाला किती लागेल.

मला तेव्हा राग देवीचा आला की इमारतीतल्या बायांचा, नक्की सांगता येणार नाही. बारशाला पाळण्यात बाळ घालायला काकूंना कुणी पुढे करत नसे. आणि तेच बाळ चालायला लागलं की त्याला काकूंच्या ओट्यावर सोडून ह्या बाया खुशाल बाजारात जायच्या. तेव्हा कुठे जायचा यांचा शकुन-अपशकुन? मी हे एकदा तोंडावर बोलून दाखवलंही. काकूंनीच मला गप्प केलं.

त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली ते साल नव्वदीच्या सुरुवातीचं. बोटीतून खाडी ओलांडून जायचं ते पाळण्यांचं मोठं पार्क नवं नवं झालं होतं आणि जो तो त्याच्याच गोष्टी सांगत होता. काकांनी कुणाला न विचारता चार तिकिटं आणली. चार अशासाठी, की काकू एकट्या नवऱ्याबरोबर 'या वयात बागेत' जाणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून सोबतीला मी आणि आमचे हे. कारखान्यात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पाळण्यांत चपला उडून जातात. मग काय, उल्हासनगरहून दोघांसाठी कॅनव्हासचे पांढरे बूट आले. हिरवीगार इरकली साडी, अंबाड्यावर गजरा आणि खाली ते बूट! काकू आरशापुढून हलेनात. मी हसून हसून बेजार.

मला आतून धाकधूक होतीच. तिथे सगळंच झुलणारं आणि फिरणारं असणार. गेटवर पहारेकऱ्यानं पिशवी उघडायला लावली आणि बाहेरचं खाणं आत चालणार नाही म्हणाला. काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती, चौघांची नव्हे, दहा जणांची. टाकून द्यायचा तर प्रश्नच नाही. आम्ही तिथेच गेटबाहेर वर्तमानपत्र अंथरून बसलो आणि सगळं संपवलं. पहारेकऱ्यालाही पुऱ्या दिल्या. तोही इकडेतिकडे बघत खाऊन मोकळा झाला.

आत गेल्यावर काकूंनी बाक पकडला. आमच्या पर्सा, पाण्याची बाटली, ह्यांचा चष्मा, सगळं मांडीवर घेऊन म्हणाल्या, तुम्ही जा, मी सामान बघते. आम्ही दोघं एका पाळण्यात बसलो, दुसऱ्यात बसलो, पोटातल्या पुऱ्या जागच्या हलल्या. काका तेवढा वेळ काकूंच्या समोर उभे, हातात ती तिकिटं धरून. मी चक्कर येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले तेव्हा ते हळू आवाजात बोलत होते. समोर लांब साखळ्यांचे झोके गोल फिरत होते, माणसं हवेत तिरपी होत होती. काका म्हणाले, तुला पहिल्यांदा बघितलं ते पंचमीला, झोक्यावर उभी होतीस. बघण्याचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, पण मी आदल्या दिवशीच होकार ठरवला होता. म्हणून झोपाळा आणला, म्हणून आज इथे आणलं. मग त्यांनी विचारलं, "माझ्याबरोबर कधी काही करावंसं वाटलंच नाही का तुला?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. शपथ होती ना. आणि मग त्या पांढऱ्या बुटांकडे बघत काकूंनी स्वतःच सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं. सांगताना रडल्या नाहीत. मीच नाक पुसत होते.

काका शेजारी बसले. पर्सा आणि बाटली काकूंच्या मांडीवरून उचलून माझ्याकडे सरकवली. आणि म्हणाले, "मूल काय तुझ्या एकटीचं होणार होतं? आपल्या दोघांचं होतं ना? मग नवसही निम्मा माझा. माझा निम्मा मी आज सोडला. उरलेल्याचं तू बघ."

"आणि देवीला काय सांगायचं?" काकूंनी विचारलं.

"श्रावणात दोघं जाऊ. ओटी भरू. मी बोलेन तिच्याशी. पंचवीस वर्षं वाट बघितली म्हणून सांगेन, आता हिला खेळू दे म्हणेन."

काका देवाशी बोलणार! जे गृहस्थ रेल्वेच्या खिडकीवर तिकीट मागताना लाजायचे! मला त्या क्षणी इतकं भरून आलं की काय सांगू. काकू उठल्या. रांगेत उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचला. झोक्यात बसवून तिथल्या माणसानं साखळी लावली, तरी त्यांचे बूट खालच्या लाकडी फळ्यांवर घट्ट टेकलेलेच होते. दोन्ही हातांनी साखळ्या आवळलेल्या. काका त्यांच्या मागच्या झोक्यात बसले होते. भोंगा वाजला तसे ते पुढे वाकले.

"पाय उचल," ते म्हणाले. "बाकी मी बघतो."

काकूंनी पाय उचलले. पहिला फेरा डोळे मिटून गेला. दुसऱ्या फेऱ्याला डोळे उघडे. तिसऱ्याला मला वरून गाणं ऐकू आलं, माहेरचं, पंचमीचं, अर्धी ओळ माझ्या डोक्यावरून जायची आणि उरलेली पलीकडे. गजरा सुटून कुठे उडाला कोण जाणे. खाली उतरल्यावर त्या पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. काकांना गरगरत होतं, ते बिचारे खांब धरून हसत होते. त्या दिवशी आम्ही दुसरं काही बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ओट्यावर पोरांची रांग, आणि झोपाळ्यावर काकू. एक चिमुरडी त्यांना मागून जीव खाऊन धक्के देत होती. श्रावणात दोघं गावी जाऊन ओटी भरून आले. देवीशी काय बोलणं झालं, काकांनी कुणाला सांगितलं नाही.

काका निवृत्त झाले तेव्हा त्यांनी बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला. फार लांब नाही, पण शेजार गेला तो गेलाच. सामान टेम्पोत चढलं, सगळ्यात शेवटी झोपाळा. ओट्याच्या छताला नुसत्या कड्या राहिल्या. बाया डोळे पुसत होत्या, ज्यांनी बारशाला काकूंना मागे ठेवलं त्यासुद्धा. काका-काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि टेम्पो काही केल्या चालू होईना. ड्रायव्हर म्हणाला, धक्का मारावा लागेल.

क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग जी धांदल उडाली! ओट्यावर झोके घेऊन मोठी झालेली पोरं, कुणी कॉलेजात जाणारी, कुणी कामाला लागलेली, धावत आली. भाजीवाली आली, आमचे हे आले, मी तर पदर खोचूनच आले. सगळ्यांनी हात लावला. मी पुढे खिडकीजवळ होते. काकू खिडकीतून वाकून मागे बघत होत्या, एवढ्या सगळ्यांचे हात, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मी म्हटलं, "काकू, पाय उचला. बाकी आम्ही बघतो."

टेम्पो हलला, खोकला, आणि सुटला. मी आत नीट बघितलं होतं. त्यांनी खरंच दोन्ही पाय उचलून धरले होते.