भुऱ्याचं लंघन

लोणीत कुणाची मेंढी फुगली, की डॉक्टरच्या आधी सारजाबाईला हाक जायची. डॉक्टर तालुक्याचा, सारजाबाई घरची. ती यायची, मेंढीचे पुढचे पाय चढावर करायची, तोंडात आडवी काडी बांधायची म्हणजे जनावर चघळत राहतं, आणि डाव्या कुशीवर तळहात टेकून असं काही चोळायची की घटकाभरात मेंढी ढेकर देऊन उभी. वर खाणं बंद. "दिसभर लंघन द्या. पोट म्हंजे काय वखार हाय का, येतंय तेवढं भरायला?" हे ती दटावून सांगायची आणि लोक ऐकायचे, कारण तिच्या हातून सहसा जनावर दगावत नसे.

पण मेंढरं तिच्याकडं राहिली नव्हती. नवरा भिमा गेला, त्याच वर्षी थोरल्या भगवंतानं मेंढरांचं सगळं खांड विकून टाकलं. रांजणगावला कंपनीत कामाला लागलेल्या माणसाला मेंढरं कशाला? तिला विचारलंसुद्धा नाही. टेंपो दारात लागला तेव्हा ती त्याचा मागचा फाळका धरून उभी राहिली, आणि सख्ख्या पोरानं तिचे हात बोट-बोट करून सोडवले. त्या दिवसापासून ती भगवंताशी कामापुरती बोले. घर स्लॅबचं झालं, दारात मोटार आली, आणि सारजाबाईला दिवसभर करायला काही उरलं नाही. रिकामी वाघर, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी, ती गुंडाळून माळ्यावर पडली होती. ती वाऱ्यावर टाकायलाही बाई दर उन्हाळ्यात माळ्यावर चढायची. सून म्हणायची, म्हातारी वेडी झालीय.

मग ससे आले.

भगवंताची पोरगी प्रांजल पुण्याला शिकायला होती. तिनं मोबाईलवर बघून परदेशी जातीच्या सशांची जोडी घेतली. घरमालकानं डोळे वटारले, तेव्हा जोडी थेट लोणीला आली. पिंजरा उतरवताना सारजाबाईनं नाक मुरडलं. पण झाकण उघडल्यावर तिचे डोळे मोठे झाले. ससा कसला? दोन महिन्यांच्या कोकराएवढं धूड, लांब कान, आणि मखमली करडी पाठ.

"हा ऑस्कर, ही बेला," प्रांजल म्हणाली.

"असली नावं जनावर घेतंय व्हय? हा भुऱ्या. ती राणी."

नातीनं जाताना बजावलं. मोठ्या जातीला वजन जड, म्हणून पायाखाली मऊ पाहिजे. उन्हाळा सोसत नाही. आणि वाळलं गवत तर चोवीस तास समोर पाहिजेच. "आज्जी, गवत कधी संपू द्यायचं नाही. कधीच नाही. विसरू नको हं."

"तुझ्या बापाला मीच वाढवलंय, आन् तीनशे मेंढरंबी. आता तू मला शिकव," सारजाबाई हसत म्हणाली. हे हसणं तिला किती महागात पडणार होतं, ते तिला कुठं ठाऊक?

पण खरं सांगायचं तर पहिले महिने तिनं ससे पाळले ते बघण्यासारखे. माळ्यावरची वाघर उतरली आणि सशांच्या शेडला बांधली गेली, कारण उसात बिबट्या होताच. दुपारी ओली गोणपाटं लटकायची. भुऱ्याच्या मागच्या टाचा सोलल्या, तेव्हा फरशीवर तिनं भिमाची घोंगडी फाडून अंथरली. भिमाची घोंगडी! भगवंतानं ती सतरंजीऐवजी मोटारीत टाकायला मागितली होती, तेव्हा हीच बाई घर डोक्यावर घेऊन उठली होती. पंधरा दिवसांत टाचा भरल्या. फोटो बघून प्रांजलनं फोनवर मुके घेतले. सारजाबाईची मान ताठ झाली. "जनावर ते जनावर," ती शेजारच्या दादाभाऊला म्हणाली. "चार पाय आन् एक पोट. त्यात शिकायचं काय?"

एकदा तिनं भुऱ्याचे झडलेले केस गोळा करून चातीवर सूत काढायला घेतलं, लोकरीसारखं. केस आखूड, निसटते. धागा धरेना. तिनं चाती बाजूला ठेवली आणि तो विषय सोडून दिला. तिथं थांबून विचार केला असता तर बरं झालं असतं. पण ज्याचं आयुष्यभर बरोबर आलंय, ते माणूस थांबून विचार करत नाही.

भुऱ्या तिच्यामागं फिरू लागला. हाक मारली की टुणटुण उड्या मारत यायचा आणि पायावर हनुवटी टेकायचा. सून टीव्हीसमोर, पोरगा कंपनीत, आणि घरात हिच्या हाकेला ओ देणारा एकच जीव होता. ती त्याच्याशी दिवसभर बोलायची, भिमाशी कधी बोलली नसेल एवढं.

गणपती उठले त्या आठवड्यात भुऱ्या कोपऱ्यात पाठ कुबडून बसला. हाकेला आला नाही. लेंड्या नाहीत. सारजाबाईनं पोटाला हात लावला. टम्म. तिला हायसं वाटलं, हो, हायसंच, कारण हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं.

"फुगलाय," ती सुनेला म्हणाली. "वला पाला लई झाला. आज लंघन."

तिनं गवताचा भारा उचलून बाहेर ठेवला. राणीला दुसरीकडं कोंडलं, म्हणजे तिचं बघून हा खायला नको. ओव्याचं कोमट पाणी पाजलं. दुपारी भुऱ्या दात करकर वाजवायला लागला. सारजाबाई म्हणाली, रवंथ करतोय, गुण आला. ससा रवंथ करत नाही, तो वेदनेनं दात खातो, हे तिला कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं का?

सांगितलं. संध्याकाळी प्रांजलचा फोन आला.

"आज्जी, खातोय ना?"

"पोट जड झालंय. लंघन दिलंय. उद्या बघ कसा टणाटण उडतोय."

फोनमध्ये पोरगी किंचाळली. "आज्जी, नको! सशाला उपाशी ठेवत नाहीत, मरतो तो! आत्ताच्या आत्ता गवत टाक. बाबांना सांग, डॉक्टरकडं न्या."

"तू जलमायच्या आधीपासनं मी जनावरं संभाळती," सारजाबाई म्हणाली. आवाज चढला होता. "तुज्या बापानं मेंढरं इकली, माजी अक्कल न्हाई इकली." आणि तिनं फोन सुनेच्या हातात कोंबला.

भगवंत कामावरून आला. बायकोनं सगळं सांगितलं. तो आईकडं बघून म्हणाला, "सकाळी नेऊ." आईशी वाद घालायचं त्यानं टेंपोच्या दिवसापासून सोडलं होतं.

सकाळी भुऱ्या आडवा झाला होता. सारजाबाईनं गवत तोंडाशी धरलं, आता धरलं. त्यानं नुसतं नाक हलवलं. भगवंतानं मोटार काढली. मंचरच्या अलीकडं तिच्या मांडीवर भुऱ्यानं दोन झटके दिले आणि अंग सोडलं. ती तरी डाव्या कुशीवर चोळतच राहिली, दवाखान्याच्या दारापर्यंत.

डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं विचारलं, "किती वेळ उपाशी होता?"

"कालच्या सकाळपासनं. मीच ठिवला."

"आजी, मेंढीच्या पोटात शिल्लक असते. एक दिवस ती त्यावर काढते. सशाचं तसं नसतं. वरून गवत आलं नाही तर आतडं थांबतं. गवतच त्याचं औषध."

तो तिला बोल लावत नव्हता. तिथंच सारी पंचाईत होती. येताना भगवंत गिअर टाकता टाकता बोलला, "म्हणून म्हणत व्हतो, मेंढरं इकली ते बरंच झालं. तुला वाटतं तेवढं काय तुला कळत न्हाई, आये."

ह्याचं उत्तर तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं होतं.

रविवारी प्रांजल आली. रडली नाही, भांडली नाही. "असू दे आज्जी," एवढंच म्हणाली, आणि एका मैत्रिणीच्या बंगल्यावर ठेवायला राणीला घेऊन गेली. शिवी दिली असती तर सारजाबाईला सोसली असती. पिंजरा मोटारीत चढवताना तिनं स्वतः दार धरलं, फाळका धरला होता त्याच हातांनी, आणि नीट आत सरकवून दिला. मग वाघर सोडून गुंडाळली.

दिवाळीच्या आधी एका दुपारी दादाभाऊ धावत आला. दोरीला मेंढी, चार महिन्यांची गाभण, पोटाचा नगारा झालेला. ओला लसूणघास खाऊन बसली होती.

"सारजा वैनी, लवकर हात लाव. तासाभरात जाईल ही!"

सारजाबाई ओट्यावर सुनेशेजारी बसली होती. तिनं एका नजरेत पाहिलं. कुठं काडी बांधायची, कुठल्या बाजूला चढ द्यायचा, तळहात नेमका कुठं टेकवायचा, सगळं तिला दिसलं. हे तिचं होतं, ह्यात ती कधीच चुकली नव्हती. पदराखाली तिचे हात हललेसुद्धा.

"डॉक्टरला फोन लाव, भाऊ."

"आगं, त्यो घोडेगावला गेलाय. सांज व्हईल यायला. तू हायेस की!"

"मला न्हाई कळत."

दादाभाऊला वाटलं, चेष्टा करतेय. तो हसला, मग थांबला. "वैनी, माजा बाप तुज्याकडं मेंढरं आणायचा."

"त्यो येगळा काळ व्हता. मला न्हाई कळत, सांगितलं ना!"

दादाभाऊ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि मेंढीला ओढत निघाला. वळणावर मेंढी बसली. त्यानं ओढली, ती उठेना. तो तिच्या अंगाशी वाकला आणि चोळायला लागला, उजव्या कुशीवर.

"डावी!" सारजाबाई ओट्यावरून म्हणाली. इतकं हळू, की शेजारी बसलेल्या सुनेलाही ऐकू गेलं नाही. मग ती उठून घरात गेली.