जास्तीची ओळ

त्या माणसाचा मला अजून राग येतो. औरंगपुऱ्यातल्या ज्या टायपिंग सेंटरात मी नोकरी करत होते, त्याचा तो मालक. स्वतःला कॉम्प्युटरमधला जाणकार म्हणवायचा, आणि पडद्यावर आलेलं एक वाक्य शेवटपर्यंत वाचायचा त्याला धीर नव्हता.

नामांतर होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. विद्यापीठाच्या दारावर नवं नाव लागलं होतं, आमच्या सेंटरात मात्र लागलं नव्हतं. प्रबंधाच्या पहिल्या पानाचा एक तयार साचा मशीनवर असायचा, त्यात जुनंच नाव. मी बदललं की तो पुन्हा होतं तसं करून ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, "लांबलचक नाव आहे, एका ओळीत बसत नाही. आद्याक्षरं टाक. सगळे तसंच करतात." सगळे तसंच करत होते हे खरंच होतं. ज्याचं नाव घ्यायला जीभ जड होते, त्याची आद्याक्षरं करून टाकणं सोपं असतं.

त्या आठवड्यात मशीनवर माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा प्रबंध होता. आमच्या घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. शनिवार ही द्यायची शेवटची तारीख. आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होते. नामांतराच्या मोर्चात त्यांनी पाठीवर लाठ्या खाल्ल्या होत्या आणि पाऊसपाण्यात ती पाठ अजून धरायची. अक्काकडे त्यांचं मागणं एकच होतं. "पुस्तकावर नाव पुरं पायजे. अर्धं नाय चालायचं." पदवीपेक्षा त्यांना त्या पहिल्या पानाचीच जास्त ओढ होती, आणि अक्कालाही त्याचं वाईट वाटत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मालक एक कॉम्प्युटरचं मासिक नाचवत आला. मुखपृष्ठावर सीडी चिकटवलेली. तिच्यात गेम होते, मासे पोहणारा स्क्रीनसेव्हर होता आणि मराठी फाँट होते, तेही फुकट. फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांतला तो. लगेच टाकायचं म्हणाला.

मी म्हटलं, "सर, आज नको. टाकायचंच असेल तर आधी व्हायरस तपासू, सूचना वाचू, प्रबंध फ्लॉपीवर घेऊ. मग एकेक टाकू. सगळं एकदम टाकलं तर कशानं बिघडलं ते कळत नाही."

"तू मला शिकवणार? ऊठ तिथनं."

उठले. तो बसला आणि सुटला. नेक्स्ट, नेक्स्ट, येस, नेक्स्ट. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. मध्येच पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. सीडीतली फाँटची फाईल तुमच्या मशीनवरच्या फाईलपेक्षा जुनी आहे, मशीनवरची आहे तीच ठेवणं बरं, ठेवायची का? त्यानं त्यातलं 'जुनी' आणि 'ठेवायची का' एवढंच वाचलं. आपल्या बोलण्यात घरात असेल ते जुनं आणि बाजारातून आणलं ते नवं, मग बाजारातून शिळं का आणलेलं असेना.

"जुनी कशाला ठेवायची?" असं म्हणून त्यानं 'नो' दाबलं.

"सर, थांबा. उलटं विचारतंय ते. सीडीतलीच जुनी आहे."

तोवर तोच प्रश्न दुसऱ्या फाईलसाठी आला आणि त्यानं पुन्हा 'नो' दाबलं. साच्यातलं जुनं नाव जिवापाड जपणारा हा माणूस त्या सकाळी जुन्याचा असा वैरी झाला.

प्रबंध उघडला तर त्यात मराठी उरली नव्हती. जोडाक्षरांच्या जागी चौकोन, वेलांट्या भलत्याच अक्षरांवर, मध्येच स्वल्पविरामांची रांग. मालक माझ्यावरच उखडला. "तुझ्याच फ्लॉप्यांमधून व्हायरस आलाय. आता फॉरमॅट मारतो, सगळं साफ करतो." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. फॉरमॅट मारला असता तर मशीनवरचं सगळंच गेलं असतं, आणि शेवटची दोन प्रकरणं आदल्या दिवशीच टाइप झालेली, त्यांची नक्कल कुठंही नव्हती.

मी कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला. "आता कशाला हात लावायचा नाही," म्हणाले. सर म्हणायचं राहिलं ते राहिलंच.

मजकूर गेला नव्हता हे मला कळत होतं. गेला होता तो फाँट. जुन्या आवृत्तीत अक्षरांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे मशीन एका अक्षराच्या जागी दुसरंच दाखवत होतं. मी प्रबंध काहीही सेव्ह न करता बंद केला. सीडी बाहेर काढली. सीडीवरून आलेलं सगळं काढून टाकलं, पण फाँट तसाच राहिला, कारण काढून टाकलं म्हणजे आधीचं परत येतं असं नसतं. फाईलची तारीख पाहिली, ती खरोखरच जुनी होती. माझ्या डब्याच्या पिशवीत आमच्या फाँटची नक्कल असलेली फ्लॉपी होती. फ्लॉपी सेंटरबाहेर न्यायची नाही असा मालकाचा हुकूम होता, तो मी कधीच मानला नव्हता. फाँट परत टाकला, मशीन बंद करून चालू केलं. प्रबंध उघडला. पहिलंच वाक्य स्वच्छ मराठीत समोर आलं आणि मला रडू कोसळलं. त्या माणसासमोर रडावं लागलं याचा राग वेगळाच. मग पहिल्या पानावर विद्यापीठाचं नाव पुरं टाकलं आणि सगळं छापून काढलं.

दुपारी पहिली पाळी सुटल्यावर आबा पानं बाइंडिंगला न्यायला आले. कारखान्याचा खाकी शर्ट अंगावर तसाच होता. मालकानं वरचं पान उचललं, चष्म्यातून पाहिलं आणि नाक मुरडलं. "बघा, शेवटी नाव दोन ओळीत गेलं ना. एक ओळ जास्तीची झाली. पानाची शोभा गेली."

आबांनी पान त्याच्या हातातून घेतलं. नावावरून बोट फिरवत पुरं वाचलं, पहिली ओळ, मग दुसरी. आमच्याकडे ओळीला वळ म्हणतात, आणि लाठी बसल्यावर पाठीवर उठतो तोही वळच.

"साहेब," आबा म्हणाले, "माह्या पाठीवर किती वळ उठले ते म्या मोजले नाय. तुमाला कागदावरची एक वळ जास्ती झाली व्हय?"

मालक ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागला. आबा पानं छातीशी धरून बाहेर पडले, आणि शनिवारी अक्कानं प्रबंध दिला.

सोमवारी कामावर गेले तर साच्यात पुन्हा जुनंच नाव होतं. मी ते बदललं, दोन ओळीत.