कोरड्या जाळ्यांची होडी

मालवणला फौजदार असताना हाताळलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एक मात्र काल घडल्यासारखं स्पष्ट आठवतं, कारण त्यातला माणूस आपल्याला फायदा फार होतो अशी तक्रार घेऊन ठाण्यात आला होता.

साठच्या दशकाची सुरुवात होती. किनाऱ्यावर इंजिनाच्या होड्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. एकट्याला अशी होडी परवडत नसे. काही जण मिळून पैसे घालत आणि मासळीच्या विक्रीतून आपापला वाटा घेत. एके सकाळी हजेरी आटोपून मी बसलो होतो, तेव्हा एक वयस्कर गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. मुंबईच्या आगबोटींवर ते सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. नोकरी संपवून गावी परतले होते.

"साहेब, माका वाटो जास्त गावता," ते म्हणाले.

हवालदाराला हसू आवरेना. मी त्याला बाहेर पाठवलं आणि सारंगांना बसायला सांगितलं. स्वतःचं नुकसान होईल अशी गोष्ट माणूस आपण होऊन सांगायला आला, तर ती बहुधा खरी असते.

सारंगांनी निवृत्तीचे पैसे एका होडीत घातले होते. मोठा वाटा बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याचा. होडीचा तांडेल, म्हणजे ती समुद्रात नेणारा मुख्य खलाशी, हा सारंगांचाच जावई. बाकीच्या होड्या अर्ध्या रिकाम्या येत, तेव्हाही ही भरून येई.

"जाळी सुकीच आसतत, नि मासो भरान," सारंग म्हणाले. "मी जावयाक इचारलंय, तर तो तोंड फिरवता. शेट म्हणता, पैसो गावता मां, मगे गप रव."

"तुम्हाला काय वाटतं?"

"दर्यात सुरुंग लावतत." त्यांनी आवाज उतरवला. "एक दिवस माझ्या जावयाचो हात उडतलो. नि बारको मासोच मेलो, तर फुडे होडी घेवन करू काय?"

खबर देणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही, असा शब्द मी दिला.

पाण्यात सुरुंगाची कांडी फोडली की मासळी मरून वर तरंगते आणि जाळं न टाकता गोळा करता येते, पण मोठ्या मासळीबरोबर पिल्लंही मरतात. हे पकडणं मात्र अवघड होतं. जवळच रस्त्यासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं आणि दिवसभर धडाके ऐकू येत. त्यांत समुद्रातला आवाज कोण ओळखणार? चौकशीत कळलं, की आठवडा बाजाराच्या दिवशी खडीचं काम बंद असतं. त्या दिवशी जाळी दुरुस्त करणाऱ्यांत मी साध्या वेशातले शिपाई बसवले. उन्हं वर आल्यावर समुद्राकडून एक दबका आवाज आला.

होडी किनाऱ्याला लागली, तेव्हा आम्ही पंच घेऊन तयार होतो. जाळी कोरडी होती. मासळी चिरून पाहिली, तर स्फोटाच्या दणक्याने आत रक्त साकळलेलं. पंचनामा झाला, पण होडीत कांडी मिळाली नाही. मी तांडेलाला ठाण्यात आणलं.

मारहाणीवर मी कधी भरवसा ठेवला नाही. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलेलच असं नाही. तांडेलाला चहा दिला, घरची विचारपूस केली. त्याचं एकच उत्तर होतं, "माका कायएक म्हायत नाय."

दुपारी व्यापारी स्वतःच आला. ठाण्यात आल्यामुळे शुद्ध मराठीत बोलत होता. "मी भांडवल घातलं आहे, साहेब. समुद्रात कोण काय करतं, ते मी बघत नाही." मग त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तांडेल काही बोलला का?"

होडीत नुसते पैसे अडकलेल्या माणसाने आधी होडी कधी सुटेल हे विचारलं असतं. माझा संशय तिथेच पक्का झाला. पण संशयावर खटला उभा राहत नाही.

संध्याकाळी सारंग आले. "माका त्याच्याशी बोलाचा आसा."

"तुमचं नाव फुटेल."

"फुटांदे."

मी त्यांना आत नेलं. जावयासमोर बसून ते म्हणाले, "खबर मी दिलंय."

तांडेल म्हणाला, "मामानू, होडी गेली तर तुमचे सगळे पैसे बुडतले."

"बुडले तर बुडले. तुझो हात गेलो, तर शेट हात देतलो? माझ्या पैशान ह्या काम होता, ता माका नको."

तांडेलाने पाणी मागितलं आणि मग जबाब दिला. कांड्या खडीच्या कामावरचा मुकादम चोरून विकत होता. व्यापारी त्या आपल्या मिठाच्या वखारीत ठेवत होता. नाही म्हटलं तर दुसरा तांडेल आणीन, अशी त्याने धमकी दिली होती. आम्ही वखारीची झडती घेतली. मिठाच्या गोणींमागे पत्र्याच्या पेटीत कांड्या मिळाल्या.

"मी एका कांडीला हात लावलेला नाही," अटक होताना व्यापारी म्हणाला.

"तुम्हाला लावावाच लागला नाही," मी म्हणालो. "हात दुसऱ्याचे होते. पैसे तुमचे आणि मोठा वाटाही तुमचा."

तांडेल माफीचा साक्षीदार झाला. व्यापाऱ्याला आणि मुकादमाला शिक्षा झाली. सारंगांचे हाल मात्र तिथून सुरू झाले. होडी मुद्देमाल म्हणून बांधून पडली आणि इंजिन गंजलं. बाकीचे वाटेकरी त्यांच्याशी बोलेनासे झाले. होडी सुटल्यावर व्यापाऱ्याचा वाटा विकायला निघाला. सारंगांनी दारोदार फिरून तो मच्छीमार घरांना मिळून घ्यायला लावला. पहिल्या हंगामात हाती फारसं लागलं नाही. एक वाटेकरी चिडून बाहेर पडला. माझी बदली झाली, तेव्हा हे गाडं चालेल असं छातीठोकपणे कुणीच सांगत नव्हतं.

काही वर्षांनी बांद्याला बंदोबस्तावर गेलो होतो. परतताना वाट वाकडी करून मालवणला उतरलो. किनाऱ्यावर त्या होडीशेजारी दुसरी उभी होती, पहिलीच्या कमाईतून घेतलेली. पलीकडच्या खाडीतही काही होड्या सुरुंग लावत आणि तिथे ते पुढेही चालू राहिले होते. तिथल्या होड्या वाळूवर पडून होत्या, विकायला काढूनही त्यांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं. त्या खाडीत मासाच उरला नव्हता.

"वाटो पयल्यासारको मोठो नाय," सारंग म्हणाले. "पण दर वरसाक गावता. नि जावई धडधाकट आसा."

पोलिसाला अर्थशास्त्र शिकवत नाहीत. मला ते या प्रकरणाने शिकवलं. पैसा घालणारा माणूस त्या पैशाने होणाऱ्या कामापासून वेगळा राहू शकत नाही. आणि जे भांडवल आपल्याच धंद्याचं बी खातं, त्याचा नफा फार दिवस टिकत नाही.

निवृत्तीनंतर मलाही थोडी रक्कम मिळाली. ओळखीची माणसं गुंतवणुकीच्या योजना घेऊन येतात आणि आधी व्याजाचा दर सांगतात. माझे पैसे तिथे नेमकं काय काम करतील, हे मी विचारतो. काही जण समजावून सांगतात, त्यांच्याकडे मी पैसे ठेवलेही आहेत आणि ते बरे चालले आहेत. बाकीचे चौकशी करून येतो म्हणतात, चहा संपवतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.