संचिताची तुळा
तोंडवलीच्या सुगंधाबाईंनी देवाला नवस बोलताना निदान सुनेला विचारायचं तरी! नारळ बोलायचे, साडी बोलायची, कोंबडा बोलायचा. ते नाही. बाईंनी थेट सुनेच्या वजनाइतका गूळ बोलून ठेवला. देवळात टांगलेल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात सून बसायची, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी चढवायच्या आणि सगळ्या गावाने बघत उभं राहायचं. याला तुळा म्हणतात. सबंध गावात वजनकाट्याला घाबरणारी एकच बाई, आणि ती नेमकी यांची सून.

संचिता कणकवलीची. कॉलेजात गॅदरिंगच्या नाचाला कुणीतरी तिला मागच्या रांगेत ढकललं, पुढे जाड दिसते म्हणून, आणि तिने जेवण सोडलं. मग भूक सोसेना, तेव्हा खायची आणि ओकून टाकायची. दिवसातून दहा वेळा काट्यावर चढायची. केस गळले, पाळी गेली, दात खराब झाले. शेवटी गोव्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला त्यातून ओढून काढलं आणि पथ्य घालून दिलं की वजनाचा आकडा बघायचा नाही आणि ऐकायचाही नाही. आकडा एकदा डोक्यात शिरला की दुसऱ्या दिवशी घास घशाखाली उतरत नाही, हे तिने स्वतः अनुभवलं होतं. लग्नानंतरही दोन-चार महिने ती घसरली होती, मग पुन्हा सावरली. गरोदरपणात तपासणीला ती काट्यावर पाठमोरी उभी राहायची. नर्सबाई मुकाट्याने आकडा लिहायच्या, पण "वा, भरली हां आता!" असं म्हटल्याशिवाय त्यांनाही राहवायचं नाही. त्या दिवशी संचिता रडत रडत जेवायची. पण जेवायची.

सर्वेशला, म्हणजे नवऱ्याला, सगळं माहीत होतं. सासूला तिने काही सांगितलं नव्हतं. सांगणार काय, कपाळ! ज्या बाईला ताटात भात उरलेला बघून झोप लागत नाही, तिला हा आजार कसा समजवायचा? मुलगी झाल्यापासून तर सुगंधाबाईंना ऊतच आला होता. सकाळी तूप घातलेली पेज, मग अळिवाचा लाडू, मग कुळथाची पिठी, आणि मधल्या वेळी नुसतंच "खा गो जरा, दूध कसा येतला?" संचिता दात-ओठ खात लाडू खायची.

तुळेला तिने चार महिने नाही म्हटलं. पण तान्ही तन्वी शिंकली की शेजारची तुळसा दारात हजर. "नवस फेडूचो रवलो ना, म्हणान." तन्वीचं पोट दुखलं, नवस. कुंपणाच्या गडग्याबाहेर माड पडला, नवस. शेवटी वैतागून संचिता म्हणाली, "बसतंय बाये. पण थंय आकडो कोणी बोलूचो नाय. सर्वेश, तू गुरवाक आधी सांगून ठेव."

"सांगतंय गो," सर्वेश म्हणाला. माणूस वाईट नाही, पण त्याच्या पर्यटकांसाठीच्या दोन खोल्या आहेत आणि एक फोन आहे. देवळाच्या पायरीवर पोचेपर्यंत तो "एसी आसा, पार्किंग आसा" यातच होता. गुरवाला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

महादू गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. देवापुढे सगळं मोठ्याने, खणखणीत सांगायचं आणि जमलेल्यांनी साथ द्यायची, अशी इथली रीत.

"बा देवा म्हाराजा, ह्या सुगंधान तुका नवस बोललेलो!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या सुनेच्या पोटात अन्न रवत नाय होता. खाल्लेला सगळा भायर टाकी होती."

"व्हय म्हाराजा!"

"ता तिच्या पोटात रवांदे, मगे तिच्या भाराचो गूळ दितंय, असा ती बोललेली. ता तू रवयलंस."

"व्हय म्हाराजा!"

पोरासाठी नाही, नातीसाठी नाही, नवस संचिताच्या ओकारीसाठी होता! आणि तोही आता साऱ्या गावाला समजला. तिने सासूचा दंड पकडला. "तुमका म्हायत होता?"

"न्हाणीयेक नुसतो पत्रो आसा गो. तू नळ सोडलंस तरी सगळा ऐकूक येता."

"मगे इतके दिस माझ्या तोंडात लाडू कित्याक कोंबी होतास?"

"मगे काय करू?" सुगंधाबाई उलट तिच्यावरच चिडल्या. "माका जेवण करूक येता. डाक्टरकी खंय येता?"

संचिताला राग असा आला होता की तिथूनच चालत कणकवलीला निघून जावं. पण तोवर बायकांनी तिला धरून पारड्यात बसवलंसुद्धा. तन्वी सर्वेशकडे. समोरच्या पारड्यात पहिली ढेप पडली आणि महादूने सवयीने आरोळी ठोकली, "धा किलो!"

"आकडो नको!" संचिता ओरडली.

"अगो, देवाक सांगूक होयो."

"देवाक दिसता," सुगंधाबाई म्हणाल्या. "तू गप ढेपी घाल."

महादू गप्प झाला. पण ढेप काही गप्प पडत नाही. प्रत्येक ढेपेला धप्प आवाज, आणि संचिताच्या डोक्यातला जुना हिशेबनीस जागा. तिने डोळे मिटले, कान झाकले, तरी पारड्याला बसणारा हिसका अंगाला कळत होता. ती मोजत होती. नको नको म्हणत मोजत होती. किती झाल्या ते इथे सांगायचं कारण नाही. पारडं जमिनीवरून जरासं हललं. आता सुटा गूळ पडला की आकडा पक्का होणार होता, आणि उद्याच्या पेजेचं काय होणार ते तिला आजच दिसत होतं. तिला भयंकर भीती वाटली.

तेवढ्यात तन्वीने भोकाड पसरलं. भुकेचं रडणं. संचिताला पान्हा फुटला, चोळी भिजली.

"तिका हाड हंय," ती हात पुढे करून म्हणाली.

"पाच मिनटा थांब गो," सर्वेश म्हणाला.

"हाड म्हणतंय ना!"

त्याने मुलगी दिली. दोघींच्या भाराने पारडं धाडकन खाली बसलं, पलीकडच्या ढेपी वर उचलल्या गेल्या आणि एक घरंगळत देवाच्या उंबऱ्यापर्यंत गेली. बायका हसल्या. संचिताने पदर ओढून लेकीला अंगावर घेतलं.

महादू वैतागला. "सगळो इस्कोट केलंस! पोराक बाजूक घे, वायचसो गूळ रवलो हा. वजन पुरा होवांदे, मगे पाज."

"नाय," संचिता म्हणाली, आणि एवढ्या मोठ्याने ती या गावात कधीच बोलली नव्हती. "देवाक थांबाक सांग. माझा चेडू जेवता हा. जेवतल्या माणसाचा वजन करूचा नाय."