बंदूक आपोआप उडत नाही

माझी आत्या बंदुका दुरुस्त करते, असं कॉलेजात सांगितलं की मुलं आधी हसायची आणि मग जरा सरकून बसायची. आजोबांचं दुकान खरं तर बाबांकडे जायचं होतं, पण बार उडाला की बाबांना घाम फुटायचा. मग आत्या आजोबांच्या शेजारी बसून कानस धरायला शिकली. आजोबा गेल्यावर परवाना तिच्या नावावर झाला. लग्न राहिलं ते राहिलंच. "स्थळं यायची, दुकान बघून चहा न घेता जायची," असं ती स्वतःच सांगते.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. शेजारी घड्याळवाला, खाली दुकान, वर राहायची खोली. भिंतीलगत लाकडी चौकट आणि तिच्यात साखळीने बांधलेल्या गिऱ्हाइकांच्या बंदुका. मागच्या अंगणात वाळूचं पिंप, चाचणीचा बार काढायला. चाचणीआधी आत्या काडतुसाचं तोंड कापते, छर्रे वाटीत ओतते आणि नुसती दारू राहिलेलं काडतूस अंगणातच नळीत घालते. छर्र्यांसकट भरलेली बंदूक दुकानात क्षणभरही असता कामा नये, ही परवान्याची अट आणि आजोबांची शिस्त. आत्याच्या स्वतःच्या मालकीची बंदूक मात्र नव्हती. दुरुस्तीचा परवाना वेगळा, बाळगायचा वेगळा.

गिऱ्हाइकांशी तिचा एक विनोद ठरलेला होता. "माझ्याशी कुणी भांडत नाही. भांडायचं तर आधी बंदूक माझ्याच हातात द्यावी लागते!"

नोकरी लागल्यावर मी तिच्याकडे राहायला आले. सुट्टीच्या दिवशी तिच्या कामाचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचे. गंजलेली नळी घासताना, दस्त्याला तेल लावताना. लोक आवडीने बघायचे. "इतकी वर्षं घरच्यांनी नाही ऐकलं," ती म्हणायची, "आता परके ऐकतायत."

मग गोदामाच्या ठेकेदाराचं प्रकरण झालं.

त्याच्या दुनळी बंदुकीचा खटका सैल झाला होता. खटका लावलेला असला की चाप ओढला तरी बार उडत नाही, तेवढंच त्याचं काम. आत्याने नवा खटका बसवला, चाचणी केली, बंदूक परत दिली. पुढच्याच महिन्यात त्या बंदुकीच्या बाराने ठेकेदाराचा वॉचमन मेला. ठेकेदार म्हणाला, बंदूक टेबलावरून पडली आणि उडाली, दुरुस्ती कच्ची होती. पेपरात तसंच छापून आलं. बंदूक तपासणीला गेली आणि अहवाल काही येईना.

आत्याने पेपर घडी करून गल्ल्याखाली ठेवला. "म्हणजे माणूस मेला माझ्या हाताने," ती म्हणाली. "काढ गं तुझा फोन."

तिने तशाच बनावटीची, गिऱ्हाइकाने कधी परत न नेलेली एक जुनी बंदूक घेतली, अंगणात तिच्यात छर्रे काढलेलं काडतूस घातलं, खटका लावला आणि ती फरशीवर टाकली. मग कट्ट्यावरून टाकली. मग दस्त्यावर, नळीवर, आडवी, उभी. उडाली नाही. खटका काढून चाप ओढला तेव्हा वाळूत बार झाला. मग ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "मी त्याच्या बंदुकीला बसवलेला खटका असाच आहे. बंदूक आपोआप उडत नाही, चाप ओढावा लागतो. कुणी ओढला ते मला माहीत नाही, मी तिथे नव्हते. पण खटक्याने माणूस मारला असं म्हणू नका."

एवढंच. पण तो व्हिडिओ आमच्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त पाहिला गेला.

सुरुवातीला लोक शाबास म्हणाले. मग व्हिडिओखाली अनोळखी नावांनी लोक लिहायला लागले. बाई काडतुसं विकते. बाईचा परवाना खोटा आहे. मग कुणीतरी नुसताच एक फोटो टाकला. मी बसस्टॉपवर उभी होते, माझी निळी पर्स स्पष्ट दिसत होती. खाली एक शब्दही नव्हता.

गिऱ्हाइकं बंदुका अर्धवट उघडलेल्या असतानाच परत मागायला लागली. बाबांचा फोन आला. "तुझं खरं आहे गं ताई. पण खरं बोलायला तूच कशाला? गावात दुसरं तोंड नाही?"

"तू बोल मग," आत्या म्हणाली. बाबा माझी चौकशी करू लागले. "बघ, नाही ना दुसरं तोंड."

एके दिवशी वॉचमनची बायको आली. दुकानात न बसता दारातच उभी राहिली. "ताई, तो व्हिडिओ काढून टाका. ठेकेदारांनी माझ्या पोराला गोदामात कामाला घेतलंय. पोरगं त्यांच्याकडेच झोपतं. कळतंय ना तुम्हाला?"

आत्याला कळत होतं. तिने हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमच्या नवऱ्याबद्दल मी काहीच बोलले नाही हो. माझ्या कामाबद्दल बोलले. ते मागे घेतलं तर मीच मारलं असं होतं." बाई मान हलवून गेली. त्या संध्याकाळी आत्या जेवली नाही.

तिने स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगायच्या परवान्याचा अर्ज केला होता. उत्तर आलं, की अर्जदार सदैव शस्त्रांच्या सान्निध्यात असल्याने तिच्या जिवाला धोका असल्याचे दिसून येत नाही. घड्याळवाल्याने ते वाचलं आणि तो पोट धरून हसला. "म्हणजे मिठाईवाल्याला भूक लागत नाही म्हणा की!" आत्याही हसली. मला हसू आलं नाही.

रविवारी दुपारी बाजार बंद असतो. घड्याळवाल्याचं शटरही खाली होतं. आमचं अर्धं उघडं होतं, कारण आत्याला एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची बंदूक पुरी करायची होती. समोर दोन गाड्या येऊन थांबल्या. माणसं उतरली, गाड्यांना टेकून उभी राहिली. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. एकाने सावकाश येऊन आमच्या पायरीवर पेट्रोलचा कॅन ठेवला आणि तो परत जाऊन उभा राहिला. गाडीचं पेट्रोल संपलं असेल, असंही म्हणता आलं असतं.

"काय हवंय?" आत्याने विचारलं.

"काही नाही ताई. सावलीत उभे आहोत."

आमच्या बाजूला ऊन होतं आणि त्यांच्याही.

मी पोलिसांना फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, पाठवतो कुणाला तरी. आत्याने शटर खाली ओढून आतून कडी घातली. थोड्या वेळाने बाहेरून कुणीतरी शटरवर बोटं फिरवली, टकटक नाही, नुसती बोटं. खाली फटीतून पेट्रोलचा वास येत होता. वर जायचा जिना दुकानाच्या बाजूच्या लहान दारातून होता, ते दारही त्या माणसांसमोरच उघडायचं आणि मागच्या अंगणाला बाहेर जायचं दार नव्हतं.

आत्याने लोखंडी कपाट उघडलं. काडतूस काढलं. कात्री शेजारीच होती, तिला तिने हात लावला नाही. काडतूस अख्खंच त्या म्हाताऱ्याच्या बंदुकीत घातलं, बंदूक मांडीवर घेतली आणि शटरकडे तोंड करून बसली.

"उघडा. तपासणी आहे."

एवढ्या लवकर कुणी आलं म्हणून मला रडूच फुटलं. मी कडी काढली. परवाना कार्यालयाचे साहेब होते, सोबत दोन शिपाई. त्यांना यायला जागा मिळावी म्हणून ती माणसं अदबीने बाजूला झाली होती. पायरीवर कॅन नव्हता.

"रविवारी तपासणी, साहेब?" आत्या उठून उभी राहिली. बंदूक हातातच होती.

"तक्रार आली, की भरलेली हत्यारं ठेवता." त्यांनी ती बंदूक अलगद घेतली आणि उघडली. तोंड न कापलेलं काडतूस त्यांच्या तळहातावर पडलं. त्यांनी हलवून पाहिलं. आत छर्रे वाजले.

"बाहेर ते लोक..." मी म्हणाले.

"कुठले लोक? रस्त्यावर उभं राहायला बंदी आहे का?" मग ते स्टुलावर बसले आणि एकदम मऊ आवाजात बोलू लागले. "ताई, तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो. हे असं लिहू या. चाचणी चालू होती, छर्रे काढायचे राहून गेले. समज देऊन सोडतो. तुम्ही फक्त तो व्हिडिओ काढा. आत्ता, माझ्यासमोर. पोरीला दोन बोटांचं काम आहे."

फोन माझ्या हातात होता. मी आत्याकडे पाहिलं. काढ म्हणाली असती तर मी काढला असता, आणि मनातून मला तेच हवं होतं.

आत्या खाली बसली. "साहेब, चाचणीच्या काडतुसातले छर्रे काढायला मी कधी विसरले नाही. ते लिहिलंत तर उद्या ठेकेदार म्हणेल, ही बाई विसरते, खटकाही विसरली असेल."

"मग काय लिहू?"

"मी भरली म्हणून लिहा. बाहेर माणसं होती. भीती वाटली म्हणून भरली."

"दुकान जाईल."

"हो."

"खटला होईल."

"लिहा ना साहेब," ती म्हणाली. "माझं मन बदलायच्या आत लिहा."

त्यांनी लिहिलं. शिपायांनी साखळी सोडवून सगळ्या बंदुका जीपमध्ये नेल्या, कपाटातली काडतुसंही नेली. शटरला लाख लावून सील केलं आणि वर राहायला जायचं म्हणून बाजूचं लहान दार तेवढं सोडलं. जीप वळून गेली. गल्लीत धूळ बसली.

ती माणसं गेली नाहीत. त्यांचं काम झालं असं मला वाटलं होतं, म्हणून आता ती कशासाठी थांबलीत ते मला कळेना. वरच्या खिडकीतून मी पाहत होते. एकाने मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं आणि दुसऱ्याला काहीतरी विचारलं. त्याने होकार दिला.

"खिडकीतून बाजूला हो," आत्या म्हणाली. ती जेवणाचं टेबल दाराकडे ढकलत होती. "आणि दुसरी बाजू धर याची. जड आहे."